सुरी बाजूला ठेवणारा सर्जन

हजारातलं साधारण एक बाळ पाऊल आत वळलेलं घेऊन जन्माला येतं. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात, आपण ‘वाकडे पाय’ म्हणतो. आणि दोष लगेच आईच्या माथी. ग्रहणात काहीतरी चिरलं असेल, दुसरं काय!

मंडळी, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि असे बहुतेक पाय मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतात. हे ज्या सर्जनने दाखवून दिलं, त्यांचं नाव इग्नासिओ पोन्सेटी.

जन्म १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावर, घड्याळजीच्या घरी. १९३६ ला बार्सिलोनात डॉक्टर झाले आणि त्याच जुलैत देशात यादवी युद्ध पेटलं. प्रजासत्ताकाच्या सैन्यात राहून ते जखमींची मोडलेली हाडं बसवत होते. ती बाजू हरली. जखमींना खेचरांवर घालून पिरेनीज डोंगरापलीकडे फ्रान्सला पोचवलं. तिथून मेक्सिको, एका छोट्या गावात दवाखाना. १९४१ मध्ये ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. आर्थर स्टाइंडलर यांच्याकडे आले.

तिथे त्यांनी एक साधं पण अवघड काम केलं. स्टाइंडलर यांनी पूर्वी क्लबफूटची ऑपरेशनं केलेले पेशंट पुन्हा तपासले. पाय ताठर, अशक्त, दुखणारे निघाले. ज्यांच्या हाताखाली शिकायचं त्यांच्याच कामाचा हिशेब मांडायचा, म्हणजे गंमत नव्हे.

मग त्यांनी बाळाच्या पावलाची रचना बारकाईने अभ्यासली. तान्ह्या बाळाचे अस्थिबंध हळूहळू ताणले तर सैल होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९४८ च्या सुमारास पद्धत ठरली. दर आठवड्याला हाताने पाऊल थोडं वळवायचं आणि प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टर. बऱ्याच बाळांना शेवटी टाचेच्या वरच्या शिरेला एक बारीकसा छेद. नंतर मधे पट्टी जोडलेले खास बूट. बस, एवढंच.

१९६३ ला त्यांनी हे छापलं. जगाने फारसं लक्ष दिलं नाही, मोठी ऑपरेशनं चालूच राहिली. १९९५ ला आयोवाच्याच डॉक्टरांनी तीस वर्षांनंतरचा हिशेब मांडला. ४५ पेशंटपैकी ७८ टक्क्यांचे पाय चांगले किंवा उत्तम. जन्मतः निरोगी पाय असलेल्यांत हेच प्रमाण ८५ टक्के होतं! पुढे इंटरनेटवर आईबापांनीच एकमेकांना सांगितलं आणि पद्धत जगभर गेली. तोवर पोन्सेटी ऐंशी ओलांडून गेले होते. २००९ मध्ये, ९५ व्या वर्षी ते गेले.

पाठीच्या कण्याबाबतही त्यांची हीच चिकाटी. वाढत्या वयात कणा बाजूला वाकतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. १९५० मध्ये सहकाऱ्याबरोबर त्यांनी अशा मुलांच्या वाकाचे प्रकार आणि पुढे त्यांचं काय होतं, ते लिहिलं. उपचार न झालेल्या पेशंटचा माग आयोवात पुढे पन्नास वर्षं ठेवला गेला. २००३ च्या निबंधातही पोन्सेटींचं नाव आहे. निष्कर्ष काय? वाढ संपताना तीस अंशांपेक्षा कमी असलेला वाक सहसा वाढत नाही. मोठे वाक वाढतात, पाठदुखीही जास्त असते, पण बहुतेक लोक कामधंदा, संसार नीट करतात. म्हणजे कुणाला सुरी लावायची आणि कुणाला नाही, हे ठरवायला आधार मिळाला.

याच काळात त्यांनी उंदरांना स्वीट पी या फुलझाडाच्या बिया खाऊ घातल्या. उंदरांचे कणे वाकले. विदर्भातल्या वाचकांना लाखोळी डाळ आठवेल. कूळ एकच, पण लाखोळीचं विष मज्जासंस्थेवर जातं, हे शरीराला घट्ट धरणाऱ्या तंतूंवर.

आता आपल्याकडे या. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. मोफत उपचारांच्या यादीत क्लबफूट आहे. पण खरी परीक्षा प्लास्टर निघाल्यावर सुरू होते. ते बूट पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास आणि नंतर चार वर्षांपर्यंत झोपताना घालावे लागतात. बाळ रडतं, बूट लहान होतात, तालुक्याला जायचं तर आईची मजुरी बुडते. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळण्याचा धोका.

शिबिराच्या बातमीत किती बाळांना प्लास्टर घातलं तो आकडा येतो, फोटो येतो. पाच वर्षांनी ती बाळं कशी चालतात, हा आकडा कुणी मागतच नाही. पोन्सेटींचं अख्खं आयुष्य त्या दुसऱ्या आकड्यामागे गेलं. आपल्या जिल्हा रुग्णालयाला तो विचारायला आपल्याला कुणी अडवलंय का?

आणि गावात असं बाळ दिसलं तर मालिशवर, ताईतावर वेळ घालवू नका. आशाताईला किंवा अंगणवाडीत सांगा. पहिल्या काही आठवड्यांतच दवाखाना गाठा, आणि त्या माउलीला ग्रहणाचं ऐकवू नका.