इरईच्या खडकावरचे ओरखडे

पुण्यात बसून बर्फावर बोलायचं म्हणजे जरा विनोदच. पर्वती घ्या, वेताळ टेकडी घ्या, आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात बर्फाची खूण सापडायची नाही. ती बघायला विदर्भात जावं लागतं, चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठी इरई नावाचं गाव आहे तिथे.

गोष्ट सुरू होते मात्र ओडिशात. १८५६ साली तालचेरच्या कोळसा भागात ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना बारीक गाळात रुतलेले मोठमोठे गोटे दिसले. आता बघा, वाहतं पाणी एवढे धोंडे हलवतं तेव्हा बारीक गाळ वाहून जातो. दोन्ही एकत्र कसे? त्यांनी बर्फाचं नाव घेतलं, पण दबकत: हिमनदी नव्हे, पाण्याच्या तळाशी गोठणारा बर्फ. या उष्ण देशात हिमनदी म्हणायला कोण धजावणार! युरोपातसुद्धा आगासीचं हिमयुग सगळ्यांच्या गळी उतरलेलं नव्हतं.

मग फेडन हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी इरईला पोचले. तालचीर थराखालची चुनखडी त्यांना गुळगुळीत घासलेली दिसली आणि तिच्यावर ओरखडे, खोबणी. १८७५ साली त्यांनी हे छापलं. शीर्षकात तरीही 'तळबर्फ'च आहे. सवय लवकर सुटत नाही.

हे ओरखडे पडतात कसे? जाड हिमचादर स्वतःच्या वजनाने सरकते. तिच्या तळाशी दगड गोठून बसलेले असतात. म्हणजे ती प्रचंड कानसच झाली. बारीक कणांनी खडकाला पॉलिश होतं, टोकदार दगडांनी रेघा पडतात. बर्फ वितळला की गोटे आणि पीठ झालेला गाळ, सगळं न निवडता जागेवरच पडतं.

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, हे नदीचंच काम नसेल कशावरून? निघोजला कुकडीचे रांजणखळगे पाहिलेत ना? नदी दगड गरगरा फिरवते, गोल खड्डे करते. सरळ रेषेत समांतर ओरखडे काढायचे तर दगड घट्ट धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

तसल्याच खुणा दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही मिळाल्या. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एकदम बर्फ? १९१२ साली वेगेनरने खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा हा त्याचा एक भक्कम पुरावा होता. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हे तुकडे जोडलेले होते आणि आपला भाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता.

चंद्रपूरची चुनखडी सिमेंटला लागते, कोळसा वीजकेंद्राला. त्यामुळे तिकडे दगडाकडे बघायची नजर वेगळी. तुम्ही गेलात तर हातोडा घरी ठेवा. फोटो काढा, शेजारी मापासाठी एक नाणं ठेवून.