भाकीत आणि भीति

टोकियो विद्यापीठांतील भूकंप-संशोधन संस्था १९२५ सालीं स्थापन झाली. परंतु त्याआधींची ही कथा दोन विद्वानांच्या मतभेदाची आहे. १९०५ सालीं अकित्सुने इमामुरा यांनीं लिहिलें कीं, पन्नास वर्षांच्या आंत टोकियोस मोठा भूकंप होऊन आगी भडकतील व लाखावर माणसें दगावतील. यास्तव घासलेटचे दिवे काढून टाकावेत. वृत्तपत्रांनीं तें भडक करून छापतांच नगरांत घबराट उडाली. तेव्हां भूकंपशास्त्राचे प्राध्यापक फुसाकिची ओमोरी यांनीं हें भाकीत निराधार असल्याचें जाहीर केलें. भीति शमली, पण तिच्याबरोबर सावधगिरीहि गेली.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं ऐन दुपारीं, चुली पेटलेल्या असतां, धरणी हादरली. आगींनीं शहर वेढलें; लाखावर जीव गेले. ओमोरी त्या वेळीं सिडनी येथील वेधशाळेंत होते. भूकंपलेखकाची सुई हलतांना त्यांनीं पाहिली. आजारी होऊनच ते मायदेशीं परतले व नोव्हेंबरांत निवर्तले.

त्यांचें पद इमामुरांकडे आलें. पुढें दक्षिण किनाऱ्यावरील भूकंपाचा मागोवा घेण्यासाठीं त्यांनीं पदरमोड करून वेधशाळा उभारली. १९४६ सालीं तोहि भूकंप झाला.

ओमोरींना लोकांची घबराट दिसली, इमामुरांना लांकडी घरें दिसलीं. दोघांचाहि हेतु लोकहिताचाच होता. भूकंपाचा दिवस शास्त्राला आजहि सांगतां येत नाहीं; पण घर कशानें पेटेल, हें आधीं सांगतां येतें.