दिनविशेष : १० फेब्रुवारी
१९४९ : पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचा कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहातून चालला. पुढे गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी विद्यापीठ आले. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले.

चारशेहून अधिक एकरांच्या या आवारातच खगोलविज्ञानातील ‘आयुका’ ही संशोधन संस्था उभी राहिली. पिंपरी-चिंचवडमधील अनेक महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे तिथल्या काळेवाडीतल्या कामगाराच्या मुलीला पदवीसाठी घर सोडावे लागत नाही. पदवीवर न थांबता संशोधनाची वाटही तिने धरावी. काळेवाडी फाट्यावरून औंधमार्गे गणेशखिंड जवळच आहे. पालकांनी मुलांना एकदा तरी तिथे न्यावे.