खोलून पाहण्याचा इतिहास

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीला पोर्शेचे हुबेहूब मॉडेल करायचे होते. नुसत्या फोटोंवर भागेना, तेव्हा शुनसाकू तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन पार सुटी केली. त्यातून आलेल्या पोर्शे ९३४ च्या १:१२ मॉडेलला १९७६ मध्येच रेडिओ कंट्रोल बसले. १९९१ मध्ये टीए-०१ या चेसिसवर चारही चाकांना ताकद मिळणारी १:१० टूरिंग कार आली.

या गाड्या सुट्या भागांतून स्वतः जोडायच्या असत, त्यामुळे जोडणारा आपोआप मेकॅनिक होई. दोन गिअरच्या दातांत कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. हवी तेवढीच फट राहते. शॉक ॲब्सॉर्बरचे तेल, स्प्रिंग, चाकांचा कल यांतले एका वेळी एकच बदलायचे, फेरी मारायची, वहीत लिहायचे. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला तेच कळत नाही.

मी शिक्षक. खेळणे खोलणाऱ्या मुलाला आपण आधी ओरडतो. पुढच्या वेळी त्याच्या हाती स्क्रूड्रायव्हरसोबत एक वहीही देऊन पाहा.