दगडावर बाईचं नाव आहे, घराच्या कागदावर?

स्त्रियांना हक्क इंग्रजांच्या काळात मिळाले, असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. मग आम्ही नौपाड्यातल्या पोरांना सांगतो, येऊरच्या डोंगरापलीकडची कान्हेरी लेणी बघून या. तिथल्या जवळपास १८०० वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी शिलालेखांत भिक्खुणी आणि उपासिकांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. लेणं किंवा पाण्याचं टाकं दान द्यायचं, तर बाईच्या हाती धन हवं आणि ते खर्चण्याचा अधिकारही हवा. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचं दान आहे. तिचा मुलगा इतिहासात आईच्या नावानेच ओळखला जातो: गौतमीपुत्र सातकर्णी.

पण याला आम्ही समतेचं सुवर्णयुग म्हणणार नाही. गादी मुलाकडेच गेली. भिक्खुणींवर आठ गुरुधम्मांचं बंधन होतंच. तरीही फरक मोठा आहे. मनुस्मृतीने बायको, मुलगा आणि दास या तिघांनाही धनाचा मालक मानलं नाही. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली गेली. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचं एक मोठं कारण होतं.

आता प्रश्न आपल्याला आहे. आपल्या खोलीच्या कागदावर, विहाराच्या कमिटीत बाईचं नाव आहे का? नसेल, तर मनुस्मृती जाळल्याचा अभिमान आपण कोणत्या तोंडाने मिरवायचा?

जय भीम!