शिवडीचा चिखल

"मुंबईला पक्षी बघायला चाललोय" असं टीममध्ये सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. "कावळे की कबुतरं?" हा पहिला. आणि भिगवण एवढं जवळ असताना त्यासाठी मुंबईला कशाला तडमडायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर, रोहित. म्हणजे फ्लेमिंगो, अग्निपंख असंही एक झकास मराठी नाव आहे त्याला. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि त्यासाठीच हा लेख. भिगवणला पक्षी दिसतात. शिवडीला पक्ष्यांबरोबर मुंबईचा तीनशे वर्षांचा जमाखर्च दिसतो.

एका दिवसात जाऊन यायचं तर सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची. साडेदहाच्या आत सीएसएमटी, आणि परतीला तीच गाडी संध्याकाळी पाच दहाला. मधले साडेसहा तास आपले. गंमत म्हणजे १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली तेव्हा ती फक्त विकांताला धावायची. म्हणजे मूळ हक्क आपल्यासारख्या विकांतवाल्यांचा, रोजचे पासवाले मागाहून आले. हे त्यांना डब्यात सांगायला जाऊ नका, चौथी सीटसुद्धा मिळणार नाही.

खिडकीतून पक्षी म्हणाल तर घाटात तारेवर कोतवाल, कर्जतच्या पुढे शेतांत गायबगळे आणि कल्याणपासून घारीच घारी. पण खरी मेख वेगळीच आहे. रेल्वेच्या टाइमटेबलाबरोबर समुद्राचं टाइमटेबलही जुळवावं लागतं. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, आणि पूर्ण ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की पक्षी त्याच्यामागे जाऊन नुसते गुलाबी ठिपके उरतात. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास काय ते आपले. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक शनिवार चालत नाही. मी फेब्रुवारीतला असा शनिवार निवडला होता की भरती साडेअकराच्या सुमारास होती. दीड-दोनला शिवडी गाठायची, चारला निघायचं.

मधल्या वेळात चालत हॉर्नबिल हाऊसपर्यंत जाऊन आलो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं हे घर. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ हौशी मंडळींनी ती सुरू केली. पुढे तिच्या कचेरीत एक धनेश पक्षी पाळलेला होता, १८९४ ते १९२०, चांगली सव्वीस वर्षं. इमारतीचं नाव त्याच्यावरून. सलीम अली आणि पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीय, ती पुन्हा सांगत नाही. मला त्या गोतावळ्यातला जास्त आवडतो तो एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, टोपणनाव 'ईहा'. जन्म १८५१ चा, साताऱ्यातला! शिक्षण मुंबई-पुण्यात आणि नोकरी कस्टम्स आणि मीठ खात्यात. मीठ खातं म्हणजे बदल्या कुठे? खाडीकाठी, मिठागरांत. उरणलाही तो होता. १९०० साली त्याचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. पोटासाठी मीठ मोजायचं आणि उरलेल्या वेळात पक्ष्यांवर लिहायचं. आमचा गाववाला म्हणा ना.

आता हार्बर लाइन. माझ्या मते मुंबईचा इतिहास शिकायला याहून स्वस्त पुस्तक नाही. सीएसएमटीहून मशीद, मग सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. सँडहर्स्ट आणि रे हे दोघे मुंबईचे गव्हर्नर. (यातल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव २०२४ साली विधिमंडळात झाला.) ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेवरची गाडी धावली ती याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला. म्हणजे शिवडीच्या कडेनेच गेली.

पण गाडीच्या उजव्या हाताला जे दिसतं ते जास्त महत्त्वाचं. गोदामं, गोदीच्या भिंती, गंजलेले रूळ, कापसाच्या वखारी. यातली बरीचशी जमीन मुळात जमीनच नव्हती. मुंबईची सात बेटं जोडल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती सांगताना बोट नेहमी पश्चिमेकडे जातं: वरळीचा बांध, बॅकबे, मरीन ड्राइव्ह. पूर्व किनाऱ्यावर समुद्र कमी आणि चिखल जास्त. तिकडे फिरायला कोण जातं? १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत माझगाव ते शिवडी हा चिखलाचा पट्टा भराव टाकून बुजवला. त्यावर रूळ आले आणि पुढे कुलाब्याहून उठून कापसाचा बाजार आला. कॉटन ग्रीन हे नाव त्याचं. प्रिन्सेस डॉक खणताना म्हणे तळाशी उभ्या खोडांचं बुडालेलं जंगल सापडलं, खैराचं. आधी जंगल, मग समुद्र, मग चिखल, मग गोदी. इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत उरकतात, मला मात्र रे रोडला दारात उभं राहून वाटलं की आपण कुणाच्या तरी छपरावरून चाललोय.

हा भराव शिवडीपाशी येऊन थांबला. पुढे वडाळ्याकडे तेलाच्या टाक्या, पलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र. १९५० च्या दशकात हा सगळा किनारा कुंपणाआड गेला. तिथे टॉवर उठले नाहीत आणि चौपाटीही झाली नाही. खारफुटी आणि चिखल तसेच राहिले, ते कुणी वाचवले म्हणून नाही, तर आत जायलाच बंदी म्हणून. निसर्गसंरक्षणाच्या इतिहासात अशा योगायोगांना फार कमी श्रेय मिळतं असं माझं मत आहे.

शिवडी स्टेशनहून पूर्वेला थोडं चाललं की किल्ला. १६८० च्या सुमारास इंग्रजांनी बांधला, तो या खाडीवर नजर ठेवायला. नजर किती ठेवली ते कळतंच, कारण १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान नेमका इथेच उतरला, शिवडी घेतली, माझगाव घेतलं आणि पुढचं वर्षभर मुंबईच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. असो. आज त्या तटावरून गलबतं दिसत नाहीत. खाली तेलाच्या टाक्या, मग खारफुटीची हिरवी किनार, मग राखाडी चिखल आणि त्याच्यावरून आडवा गेलेला अटल सेतू.

आणि त्या चिखलात रोहित. दुर्बीण लावल्यावर आधी एक लांब गुलाबी पट्टी दिसते, मग ती पट्टी हलतेय हे कळतं. माना खाली, चोच उलटी, सगळ्यांचं एकच काम. चोचीच्या आत बारीक गाळणी असते. चिखलपाणी आत घ्यायचं आणि जिभेने बाहेर ढकलायचं, खाणं मागे राहतं. मोठे रोहित बारीकसारीक किडे-कोळंबीही खातात, छोट्या रोहितांची सारी भिस्त सूक्ष्म शेवाळावर. शिवडीला बहुतांशी हे छोटे रोहित. त्यांच्या पायांत शेकाट्या, तुतारी, पाणटिवळे यांची लगबग चालू होती, पण त्यांच्याकडे कोण बघतंय.

आता मुद्द्यावर येतो. हे दृश्य बघणारा प्रत्येक जण म्हणतो की मुंबई होण्याआधीपासून हे पक्षी इथे येत असणार, आणि शहराने त्यांच्यावर आक्रमण केलं. ऐकायला छान आहे. पण शिवडीला रोहित मोठ्या संख्येने यायला लागले ते १९९४ च्या आसपास. माझा जन्म १९९७ चा. म्हणजे हे शिवडीकर माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठे! सिद्दीने ते पाहिले असतील असं समजायला काही आधार नाही.

मग नव्वदच्या दशकात असं काय झालं? पक्षी-अभ्यासक जे सांगतात त्यात हिरो कुणीच नाही. ठाण्याच्या खाडीत दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी वर्षानुवर्षं येत राहिलं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजलं. १९७३ साली वाशीचा पूल झाला, नंतर रेल्वेचा, मग आणखी. शिवाय किनाऱ्यावर भराव पडत गेले, पाण्याचा वेग मंदावला आणि गाळ साचत गेला. गाळ आणि शेवाळ, म्हणजे छोट्या रोहिताचं भरलं ताट. कच्छहून आणि आणखी कुठून येणाऱ्या थव्यांना ते सापडलं. खाडीतल्या रोहितांची संख्या अलीकडच्या वर्षांत लाखाच्या वर मोजली गेलीय. सलीम अलींनी १९४५ साली कच्छच्या रणात जाऊन रोहितांची वसाहत पाहिली होती, लाखाहून जास्त घरट्यांची. त्याला ते रोहितनगरी म्हणत. तिथे पोचायला बरीच यातायात करावी लागे. आपण लोकलने जातो.

हे कळल्यावर मला पक्षी कमी सुंदर वाटले नाहीत, पण "निसर्गाची किमया" वगैरे म्हणवेना. भिगवणही उजनीचं बॅकवॉटर आहेच, तिथे निदान कुणी धरण बांधायचं ठरवलं तरी होतं. शिवडीचं ताट चुकून वाढलं गेलं. आणि चुकून वाढलेलं ताट कुठल्याच फायलीत नसतं, ही त्यातली अडचण.

म्हणजे असं बघा. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, ते ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधल्या पट्ट्यात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. ज्या चिखलाने मुंबईकरांना रोहित दाखवले तो शिवडीचा चिखल अभयारण्याच्या बाहेरच. २०१८ साली तिथूनच सागरी सेतूचं काम सुरू झालं आणि १२ जानेवारी २०२४ ला जवळपास बावीस किलोमीटरचा पूल खुला झाला. मी पुलाच्या विरोधात नाही, उरण-पनवेलकडच्या माणसाने का म्हणून ताटकळत बसायचं? आवाज अडवायला तिथे पडदेही लावलेत, आणि पुलापलीकडे पक्षी चरताना मी स्वतः पाहिले. पण नियमांतल्या "पाणथळ जागा" या शब्दाकडे बघण्याची आपली नजर अजून पोर्ट ट्रस्टचीच आहे: चिखल म्हणजे अजून न झालेली जमीन.

दुसरी गोष्ट तर किल्ल्यावरून दिसतच नाही. भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी जातात कुठे? बरेचसे पलीकडे, नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर, पाणी उतरेपर्यंत उभे राहायला. ओहोटीला खाडीत, भरतीला तळ्यावर, दिवसातून दोनदा. शुद्ध अप-डाऊन. त्यातलं एक टोक बंद झालं तर दुसऱ्याचा उपयोग नाही, हे लोकलने जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात या तळ्यांवर रोहित मरून पडल्याच्या बातम्या होत्या. एका तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाटच बुजलेली होती. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला उतरणाऱ्या विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मेले. ते तिथून का उडत होते यावर बरीच भांडणं झाली. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने सीवूड्सच्या एका तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पलीकडे नव्या विमानतळाचं उद्घाटनही झालं.

२०२२ साली बीएनएचएसने सहा रोहितांना जीपीएस लावले. त्यांना नावं दिली: सलीम, हुमायून, मॅक्कॅन, लेस्टर, खेंगारजी. सगळी जुन्या पक्षीवाल्यांची आणि कच्छच्या महारावांची. यातला हुमायून भावनगरला पोचला. सहाव्याचं नाव 'नवी मुंबई'.

पुढच्या खेपेला उलटं करणार आहे: भर भरतीची वेळ धरून पनवेल लोकलने सीवूड्स. खिडकी डाव्या बाजूची की उजव्या बाजूची ते कुणी सांगेल काय, वाशीच्या पुलावर जेमतेम दोन मिनिटं मिळतात.