गिर्यारोहण प्रशिक्षक
डोंगरात इतरांना चढाई, दोराचे तंत्र व सुरक्षित वावर शिकवणारी व्यक्ती. उत्तम गिर्यारोहक आपोआप उत्तम प्रशिक्षक ठरत नाही, हे भारतीय प्रशिक्षणरचनेतच गृहीत धरलेले दिसते: दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग (१९६५) येथे प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रमांपुढे अध्यापनपद्धतीचा वेगळा अभ्यासक्रम असतो. चढणारा स्वतःला सांभाळतो. प्रशिक्षकाला दमलेला, घाबरलेला आणि फाजील धीट असे तिघेही वेळीच ओळखावे लागतात. गाठी, बिले (चढणाऱ्या साथीदाराला दोराने सांभाळणे), प्रथमोपचार ही कौशल्ये सरावाने येतात. माथा समोर दिसत असताना परतायचे कधी, हे ठरवणे त्याहून अवघड.

निर्णय माणसावर सोडण्यापेक्षा काटेकोर नियमावली बरी, असा आक्षेप घेतला जातो. हेल्मेट, दोर, तुकडीचा आकार यांबाबत तो रास्तच आहे. पण पावसाळ्यात सह्याद्रीतला ओढा बघता बघता फुगतो, आणि तो ओलांडावा की नाही हे काठावर उभ्या असलेल्यालाच ठरवावे लागते. मोहीम आवरती घेतल्यावर पैसे भरून आलेल्यांची नाराजी पत्करणे हाही या कामाचाच भाग. व्यावसायिक ट्रेकमध्ये तर बहुधा सर्वांत कठीण.